पुन्हा जाण्याजोगं : गल्लीतल्या हॉटेलांची समीक्षा



या मालेत समीक्षेच्या निकषांबद्दल बोलणं होतं ते बहुधा नाटकाच्या, कादंबरीच्या, फार तर सिनेमाच्या संदर्भात. आज आम्ही गल्लीतल्या हॉटेलांबद्दल बोलणार आहोत. विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलंही, की सर, सौंदर्यशास्त्र शिकवण्यात हयात गेली आणि आता मिसळीवर व्याख्यान? त्यावर आमचं म्हणणं असं. आज नाटकावर चार ओळी लिहिणारा माणूस शोधावा लागतो. हॉटेलावर मत देणारा, पाचपैकी तारे देणारा, पहिला घास घेतानाची चित्रफीत काढणारा मात्र घरोघरी आहे. एवढी समीक्षा होते आहे आणि ती कशाच्या आधारावर होते याचा विचार जवळजवळ होत नाही. हे काही बरं लक्षण नाही.

आधी शब्द साफ करून घेऊ. मराठीत 'हॉटेल' म्हटलं की राहायची जागा डोळ्यांपुढे येत नाही. चहा, भजी, राईस प्लेट येते. आमच्या डोळ्यांपुढे जी ठिकाणं आहेत ती अशी : महिन्याच्या मेंबरांवर चालणारी खाणावळ, कोपऱ्यावरचा इराणी, स्टेशनाजवळचं उडपी, सकाळी उघडून दुपारी बंद होणारं मिसळीचं दुकान. स्वस्त असतात. आणि बाहेरून येणाऱ्याला थोडी तऱ्हेवाईक वाटतात. हा 'तऱ्हेवाईक' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याशी आम्हाला भांडायचं आहे.

चवीचा आणि समीक्षेचा संबंध जुना आहे. भरतमुनींना नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय ते समजावून द्यायचं होतं, तेव्हा त्यांनी दृष्टांत जेवणाचाच घेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न सुमनस माणूस जसा आस्वादतो, तसा प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो. नंतरच्या हजार-दीड हजार वर्षांच्या चर्चेत रस राहिला आणि जेवणारा पंगतीतून उठून गेला, तो पुन्हा काही आला नाही. तिकडे कांटने तर जिभेला सौंदर्याच्या दाराबाहेरच उभं केलं. त्याच्या मते सुंदर म्हणताना आपण सगळ्यांच्या संमतीची अपेक्षा धरतो. चवदार म्हणताना तसा हक्क सांगता येत नाही, ज्याची त्याची आवड. आता कांटचं मानलं तर हॉटेलाची समीक्षाच संभवत नाही. 'मला आवडलं' एवढं म्हणून गप्प बसावं लागेल. पण कोणी गप्प बसत नाही, आणि बसूही नये. आमचं म्हणणं इतकंच, की गल्लीतल्या हॉटेलाबद्दल बोलताना पदार्थाच्या चवीपलीकडचं पुष्कळ काही आपण जोखत असतो, आणि त्यावर मात्र युक्तिवाद करता येतो.

हे जोखण्याचं जे माप जगभर चाललं आहे ते कुठून आलं, बघा. मिशलँ ही फ्रान्सची टायर बनवणारी कंपनी. तिने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. माणसं गाडीने जास्त हिंडली की टायर जास्त झिजतात, हा साधा व्यवहार. पुढे तिच्यात ताऱ्यांची पद्धत आली. त्या ताऱ्यांचे अर्थ फार बोलके आहेत. एक तारा म्हणजे वाटेत थांबण्याजोगं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करण्याजोगं. म्हणजे हे अंतराचं माप झालं. जेवणारा परगावचा आहे आणि एकदाच येणार आहे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. २०१६ साली सिंगापुरात रस्त्यावरच्या खाद्यबाजारातल्या एका साध्या गाड्याला, सोया सॉसमधली कोंबडी आणि भात विकणाऱ्याला, याच कंपनीचा तारा मिळाला. जगभर कौतुक झालं, गाड्यापुढे लांबलचक रांगा लागल्या. कौतुक आम्हालाही वाटलं. पण त्याच बाजारात रोज दुपारी कामावरून सुटून भात खाणारा जो माणूस असेल, त्याच्या दृष्टीने त्या ताऱ्याचा अर्थ काय? जेवणाच्या सुट्टीत आता त्याचा नंबर लागायचा नाही, हा.

आपल्याकडे फोनवर जे पाच तारे आपण देतो ते याच वंशातले. प्रवाशाचं माप शेजाऱ्याच्या हॉटेलाला लावलेलं. गल्लीतल्या हॉटेलाला विचारायचा प्रश्न 'इथे मुद्दाम यावं का' हा नसतोच मुळी. तो असतो, 'उद्या पुन्हा यावं का, आणि परवा?' पुनरावृत्ती हे तिथलं माप. एखादा पदार्थ एकदा थक्क करून सोडतो, पण रोज खाल्ला तर आठवड्यात नकोसा होतो. खाणावळीचं वरण कुणालाही थक्क करत नाही. ते महिनाभर नकोसं होत नाही, हे त्याचं कर्तृत्व. आणि हे साधणं सोपं नाही, तुमच्यापैकी जे रोज स्वयंपाक करतात त्यांना ते ठाऊक आहे. तिखट थोडं कमी ठेवावं लागतं, तेल हात राखून घालावं लागतं, सोमवारची उसळ गुरुवारी परत येते पण तेव्हा तिच्या शेजारी कोशिंबीर बदललेली असते.

किर्केगार्दचं 'पुनरावृत्ती' नावाचं एक चमत्कारिक पुस्तक आहे, १८४३ सालचं. त्यातला निवेदक आधीचा सुखाचा प्रवास जसाच्या तसा पुन्हा घडतो का हे पाहायला बर्लिनला जातो. तेच शहर, तीच राहण्याची जागा, तेच नाट्यगृह. सगळं फसतं आणि बिचारा वैतागून घरी येतो. आम्ही वर्गात हे पुस्तक शिकवायचो तेव्हा मुलं विचारायची, की सर, याला झालं तरी काय? आमचं उत्तर : हा प्रवासी म्हणून पुनरावृत्ती शोधायला गेला. पुनरावृत्ती रहिवाशाला मिळते, तीही शोधायला न गेल्यावर. असो, किर्केगार्दचा धर्मविचार आज बाजूला ठेवू.

आता तो 'तऱ्हेवाईक' शब्द. हिंडून हिंडून गल्लीतली हॉटेलं शोधणाऱ्या हौशी मंडळींचा हा लाडका शब्द आहे. काय मजेशीर पाट्या, काय तऱ्हेवाईक मालक, काय विचित्र वेळा! पाट्यांची गंमत आहेच. निसीम इझिकेल यांनी मुंबईतल्या इराण्याच्या भिंतीवरच्या मनाईच्या सूचनांतून एक आख्खी कविता उभी केली आहे. कवीने ती केली तर आमची हरकत नाही. समीक्षकाने मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा, की ही पाटी इथे का लागली?

पुण्यातल्या खाणावळीची पाटी घ्या. 'खाडा आदल्या दिवशी सांगावा.' परगावच्या माणसाला हसू येतं. खाडा म्हणजे मेंबर ज्या वेळेला जेवणार नाही ती वेळ, तिचे पैसे वळते करायचे की नाही हा सनातन वाद. आदल्या दिवशी कळलं तर दोन मुठी तांदूळ कमी शिजतो. त्याच दिवशी कळलं तर तो शिजून वाया जातो, आणि महिन्याच्या दरात ज्या हिशोबाने राईस प्लेट बसवली आहे तो हिशोबच मोडतो. 'रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद.' यात रविवारी दुपारी जड जेवलेला मेंबर रात्री फारसा जेवत नाही हा अनुभव आहे, आणि भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्यातून एक संध्याकाळ हवी असते हेही आहे. 'अमर्यादित थाळीत दोघांनी जेवू नये.' 'पानात टाकू नये.' 'एक वाजेनंतर भाजी बदलेल.' यातली एकही पाटी लहरीपणाची नाही. प्रत्येकीच्या मागे एक वजाबाकी आहे. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली सुरू केलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात. जी जागा इतकी वर्षं पोटभर जेवण परवडणाऱ्या दरात देते, तिथे शिस्त लागणारच. पान उचललं की पुढचा बसला पाहिजे. त्या शिस्तीतच स्वस्ताई शिजते.

मिसळीचं दुकान दुपारी बंद होतं तेव्हा लोक म्हणतात, काय हा पुणेरीपणा. अहो, रस्सा पहाटे एकदा होतो. कुणी त्याला सॅम्पल म्हणेल, कुणी तर्री, कोल्हापूरकर कट म्हणेल. संपला की संपला. दुसरं पातेलं चढवायचं तर दुसरी पाळी, दुसरा आचारी, आणि संध्याकाळी उरलं तर तोटा. दुकान बंद करणं हे त्या पातेल्याच्या आकाराशी प्रामाणिक राहणं आहे.

जागेच्या भाड्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. १९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात 'हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांचं नियंत्रण' हेही शब्द होते. त्याने घरमालकांचं काय झालं, इमारतींची डागडुजी कशी थांबली, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण दक्षिण मुंबईत किंवा पुण्याच्या पेठांत जी जुनी स्वस्त हॉटेलं टिकली, त्यांतल्या कित्येकांच्या चहाच्या दरात त्या जुन्या भाड्याचा वाटा आहे. जुन्या इराण्याच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, भिंतीवरचे आरसे यांचे फोटो आपण हौसेने काढतो. फोटोत न येणारी भाडेपावतीही तितकीच महत्त्वाची असते. मग मालकी बदलते, इमारत पडते, पुनर्विकास होतो, आणि नव्या जागेत त्याच खुर्च्या मांडून तोच बनमस्का कितीतरी पटीने महाग मिळतो. चव तीच असेल. हॉटेल ते नाही.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचं उदाहरण या बाबतीत फार शिकवून जातं. गिरणीकामगारांना घरातच शिजवून घालायच्या, पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे, तोवर वाण्याची उधारी आणि तिचं व्याज. स्वस्त जेवणाचा भार त्या बाईच्या डोक्यावर होता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली झाली. त्या थाळीची समीक्षा करताना 'घरगुती चव' एवढंच लिहिणारा माणूस थाळीतलं अर्धंच वाचतो असं आमचं मत आहे. स्वस्त जेवणाचे पैसे नेहमी कुणीतरी भरत असतं. झुणका-भाकर केंद्र असो की २०२० साली दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी, तिथे ते सरकारने भरले आणि तसं उघड सांगितलेलं होतं. गल्लीतल्या हॉटेलात ते कोण भरतं हे शोधावं लागतं.

आणि ते शोधताना आमच्यासारख्या जुन्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्यांना बोचणारा एक भाग येतो. टेबलावर फडकं मारणारा, एका हातात सहा ग्लास आणणारा पोऱ्या. आमच्या पिढीच्या हॉटेलांच्या आठवणींत तो पोऱ्या हटकून असतो, आणि आम्ही मोठ्या मायेने त्याचं वर्णन करतो. त्याचं वय किती होतं? तो कुठे झोपायचा? चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत, ढाब्यांवर आणि घरकामाला ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. १९८६ चा बालमजुरीचा कायदा झाल्यावरही वीस वर्षं लागली. त्या वीस वर्षांत आपण कटिंग पितच होतो. 'पूर्वी कसं स्वस्त होतं' असं म्हणताना हा आकडाही बेरजेत धरावा लागेल.

बसायला कोण मिळतं, हा या सगळ्याच्या आधीचा प्रश्न. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. घटनेत हॉटेलाचा उल्लेख यावा लागला, यावरून परिस्थिती काय होती ते समजा. 'ब्राह्मणांचे उपहारगृह' अशा पाट्या होत्या, आणि गावोगावच्या चहाच्या दुकानांत वेगळ्या ठेवलेल्या कपबश्या होत्या. मुंबईत इराण्याचं महत्त्व इथे आहे. हे लोक इराणातून आलेले, काही झरथोष्ट्री, काही मुसलमान, आपल्या जातींच्या उतरंडीत कुठेच न बसणारे. कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. कोपऱ्यावरची जागा, दोन्ही रस्त्यांकडे उघडी दारं, आणि एका टेबलाला चार खुर्च्या. चार अनोळखी माणसांनी एकमेकांची जात न विचारता एका संगमरवरी फळीवर चहा ठेवायचा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. खिमा-पाव कसा होता याच्या कितीतरी आधी ही गोष्ट समीक्षेत यायला हवी.

गंमत म्हणजे ज्या कांटने जिभेला दाराबाहेर ठेवलं, त्यालाच पंगतीचं फार वेड. चांगल्या जेवणाला सोबत किती असावी? तर तीन देवतांपेक्षा कमी नको आणि नऊ कलादेवतांपेक्षा जास्त नको, असं त्याने लिहून ठेवलंय. तत्त्वज्ञाने एकट्याने जेवणं तर प्रकृतीला घातक, असंही. पण कांटचे पाहुणे निवडून बोलावलेले असत. गल्लीतल्या हॉटेलात सोबत निवडता येत नाही. 'साहेब, जरा सरकून घ्या' असं म्हणून वेटर कुणालाही आणून शेजारी बसवतो. एकटा माणूस तिथे एकटा असूनही चारचौघांत जेवतो. आमच्या वयाच्या माणसांना, ज्यांच्या घरात आता एकच ताट मांडलं जातं, त्यांना याची किंमत काय ते सांगायला नको.

आता हिंडणाऱ्या हौशी खवय्याबद्दल. त्याला आम्ही शत्रू मानत नाही. इराणी तर अनोळखी माणसासाठीच उघडला होता, आणि नवं गिऱ्हाईक आलंच नाही तर कुठलंही हॉटेल बसतं. पण परिणाम बघितले पाहिजेत. पुण्याच्या एका पेठेतली खाणावळ आमच्या पाहण्यात आहे; नाव घेत नाही. स्पर्धापरीक्षेची मुलं, बदलीवर आलेले बँकेतले दोघं-तिघं, आणि बाराच्या पंगतीला येणारे पाच-सहा म्हातारे. चालवणाऱ्या काकू पानात टाकलं की ओरडायच्या. ज्याला ओळखायच्या त्यालाच ओरडायच्या, आणि ज्याला ओरडायच्या त्याची चार दिवस भूक मंदावली तर 'बरं नाही का?' असंही विचारायच्या. कुणीतरी त्या ओरडण्याची चित्रफीत काढली. शनिवार-रविवारी रांग लागायला लागली. माणसं यायची आणि काकूंना म्हणायची, 'आम्हालापण ओरडा ना!'

काकू पहिल्यांदा गोंधळल्या, मग हसल्या, मग ओरडू लागल्या. गेस्टच्या कुपनात मेंबरापेक्षा जास्त सुटतात. वर्षभरात त्यांनी नवे मेंबर घेणं थांबवलं. त्यांचा हिशोब चुकला असं आम्ही म्हणणार नाही. दोन मुलांची शिक्षणं त्यांनी त्या चुलीवर केली आहेत, आणि जास्त पैसे मिळत असताना ते घेऊ नका असं त्यांना सांगण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? पण बाराच्या पंगतीतले म्हातारे उन्हात रांगेत उभे राहू शकेनात. त्यांतला एक हल्ली दुपारी ब्रेड-दूध घेतो. आमचा राग आहे तो त्या चित्रफितीतल्या समीक्षेवर. तिने ओरडण्याला गंमत म्हणून किंमत दिली आणि ओरडण्यामागची ओळख पुसून टाकली. त्या फितीखालच्या शेकडो अभिप्रायांत पिठल्याचं कौतुक होतं, काकूंच्या आवाजाचं होतं. महिन्याच्या मेंबरांबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून हौशी मंडळींना आमची विनंती आहे. जरूर हिंडा. पण मंगळवारी-बुधवारी जा, रविवारी तिथली माणसं घरच्यांना घेऊन येतात. आठ जणांचं टोळकं नेऊ नका. जिथे बसवतील तिथे बसा, त्या दिवशी जे केलंय ते खा. बेडेकरांकडे मिसळीबरोबर ब्रेडचा स्लाइस येतो तर पावाचा हट्ट कशाला? आणि मत लिहिण्याआधी दुसऱ्यांदा जाऊन या. दुसऱ्या वेळी नवलाई गेलेली असते, तेव्हा आमटी कशी आहे ते कळतं.

शेवटी दराबद्दल एक निरीक्षण, मग प्रश्न घेऊ. गल्ल्यावर 'उद्यापासून राईस प्लेट पाच रुपयांनी वाढेल' अशी पाटी लागली की नेहमीचं गिऱ्हाईक भांडतं. तेल किती वाढलं, डाळ किती वाढली, मग पाच का, तीन का नाही? मालकही गल्ल्यावरून तावातावाने हिशोब सांगतो. कधी कधी चारवर तडजोड होते. हौशी पाहुण्याला पाच काय नि पंधरा काय, ते स्वस्तच वाटतं. तो न बोलता पैसे देतो आणि निघतो. असे न बोलणारे वाढत गेले की त्या मालकाला हिशोब सांगायचं कारणच उरत नाही.

हं, विचारा. मागच्या रांगेतून हात वर दिसतोय.